एक आत, एक बाहेर

वहिनी कुठल्याही दुकानात शिरल्या की आधी खण उघडायच्या. कपाट असो, मेज असो, शिवणयंत्राचं जुनं टेबल असो, खण दिसला की हात गेलाच. खण ओढायचा, आत वाकून वास घ्यायचा, तळाला बोटं फिरवायची आणि "हं" म्हणून बंद करायचा. हा "हं" विकत घेणाऱ्या माणसाचा नव्हे, हे त्या गल्लीतल्या एकूण एक दुकानदाराला पाठ झालं होतं. एकदा एका खणात मांजराची पिल्लं निघाली. तेव्हाही वहिनींनी आधी "हं" केलं आणि मग त्या किंचाळल्या.

गल्ली जुन्या सामानाची. दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांतलं निम्मं सामान पदपथावर, त्यामुळे चालणाऱ्याला दर चार पावलांवर कुणाच्या तरी दिवाणखान्यातून गेल्यासारखं वाटायचं. दर शनिवारी दुपारी वहिनी तिथं यायच्या आणि बरोबर वन्सं असायच्या. एकट्या वहिनी किंवा एकट्या वन्सं कुणी कधी पाहिल्या नव्हत्या. दोघींचं भांडण मात्र गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचं.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची धाकटी बहीण. धाकट्या नणंदेला वन्सं म्हणायची खरं तर काही गरज नव्हती. पण स्वतःचा नवरा गेल्यावर एक ट्रंक आणि टोपलीभर कुंड्या घेऊन ही बाई भावाकडं "चार दिवस" राहायला आली, आणि आल्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं वहिनींच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणं लावून ठेवले. वहिनींना मीठ सापडेना. त्या चिडून म्हणाल्या, "बरं हं वन्सं, आपण म्हणाल तसं!" चिडून मारलेली ती हाक चिकटली ती चिकटलीच. त्या चार दिवसांना आता अकरा वर्षं झाली होती, आणि वहिनींना अजून मीठ पहिल्या झटक्यात सापडत नव्हतं.

आणि घर केवढं? दोन खोल्या आणि एक गॅलरी. त्यातल्या एका खोलीत वहिनींचं शिवणकाम. वहिनी पडदे शिवायच्या, तेही लग्न झाल्यापासून. गावातल्या निम्म्या खिडक्यांवर त्यांचे पडदे होते, आणि निम्म्या गावाच्या घरात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही याला आपणच जबाबदार आहोत, ही त्यांची मोठी खंत होती.

या घराचे मालक म्हणजे दादा, वहिनींचे यजमान. जन्मभर त्यांनी एका मोठ्या गोदामावर काम केलं होतं. गोदामात जागा ठरलेली. माल आत आला की तेवढाच बाहेर जायला हवा, नाहीतर दार लागत नाही. निवृत्त होताना दादांनी गोदामाच्या किल्ल्या परत केल्या, पण नियम तेवढा घरी आणला. एक वस्तू आत आली की एक बाहेर. खाण्याच्या जिनसा, कापड आणि माती यांना माफी. बाकी कुणालाही नाही. दाराशेजारी हातांची एक रुंद लाकडी खुर्ची होती, तिच्यात दादा बसायचे आणि पिशवी दिसली की विचारायचे, "काय येतंय? मग काय जातंय?" पाहुण्यांनी फुलदाणी आणली तर पाहुणे जाताना त्यांच्या हातात घरातलं काहीतरी पडायचंच. एका बाईंच्या हातात तर त्यांनीच आदल्या वर्षी दिलेली फुलदाणी परत गेली. त्या पुन्हा आल्या नाहीत, म्हणजे त्या दृष्टीनंही जागा वाचली.

वन्सं आल्या तेव्हाही नियम पाळला गेला. माणसांना नियम लागू नव्हता, पण वन्संना झोपायला खाट लागणार होती. खाट आत आली आणि बाहेर गेलं वहिनींचं तीन आरशांचं टेबल.

हे टेबल म्हणजे वहिनींचा जीव की प्राण होतं. एका नाटकगृहाचा लाल मखमली पडदा त्यांनी शिवला होता, एकटीनं, घरभर मखमल पसरून; तेव्हा दादा महिनाभर मखमलीवर जेवत होते. त्या कमाईतून हे टेबल आलं. मधे मोठा आरसा, दोन्ही बाजूंना बिजागरीवर फिरणारे दोन लहान. डावा आरसा कायम पुढे झुकायचा, त्याच्या पाठीला कापडाची घडी लावावी लागायची. तिसरा खण सरळ ओढला तर उघडायचा नाही; जरा उचलून, डावीकडं दाबून, मग ओढायचा. ते टेबल जाताना वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मात्र बोलायच्या थांबल्या नाहीत. "माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं असतं तर सापडलं असतं," हे त्या कात्रीबद्दल, चष्म्याबद्दल आणि एकदा तर दादांबद्दलही म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून शनिवारची ही फेरी सुरू झाली. वहिनी टेबल शोधायला निघायच्या, आणि वन्सं "मलाही खुरपी बघायचीच आहे" म्हणून बरोबर. गल्लीत विकत घेतलेल्या आणि न घेतलेल्या खुरप्या जोडल्या असत्या तर चंद्रापर्यंत वाफे झाले असते.

फेरीचा पहिला मुक्काम ठरलेला. त्या दुकानदाराला वहिनींनी नाव ठेवलं होतं "मुलीचा बाप". कारण हा मनुष्य वस्तू विकायचा नाही, उजवायचा. कुणी साधं स्टूल मागितलं तरी आधी चौकशी. घरात ऊन कुठून येतं? गरम कप थेट लाकडावर ठेवता का? घरात कुणी रागीट आहे? एका जोडप्याला त्यानं "तुम्ही दोघं फार एकमेकांना टोचून बोलता, आरसा नाही देणार" असं तोंडावर सांगून परत पाठवलं होतं. वहिनी दुकानात शिरल्या की विचारायच्या, "तीन आरशांचं काही आलंय?" तो मान हलवायचा. वहिनी दोन-चार खण हुंगायच्या आणि पुढं.

याच दुकानातून वन्संनी एकदा एक अजब वस्तू मिळवली होती. जुन्या लोखंडी गोल जिन्याचा तुकडा, पाच पायऱ्यांचा. वर कुठं जात नाही, खाली कुठून येत नाही, नुसता गोल वळून उभा. वन्संनी तो गॅलरीत उभा केला आणि पायरीपायरीवर कुंड्या मांडल्या. पुदिना खाली, मग नेचे, मग मोगरा, सगळ्यांत वर गुलाब. वहिनी त्याला स्वर्गाचा जिना म्हणायच्या आणि पाहुण्यांना मात्र स्वतः हौसेनं दाखवायच्या. तो जिना आत आला त्या दिवशी दादांनी विचारलं, "काय जातंय?" आणि वन्सं म्हणाल्या होत्या, "माझी ट्रंक." येताना घेऊन आल्या होत्या ती ट्रंक. तिच्याकडं त्या दिवशी कुणी फारसं लक्षही दिलं नाही.

दुसरा मुक्काम गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर. तिथं बागेचं सामान मिळायचं. पेट्रोल सोडायच्या यंत्रांवर वेली चढलेल्या, नळ्यांच्या जागी झाऱ्या टांगलेल्या. या मालकाचं वहिनींनी ठेवलेलं नाव होतं "जगणार नाही". रोप उचललं की तो हेच म्हणायचा. "न्या, पण जगणार नाही." खत घेतलं तर, "घाला, पण उपयोग नाही." वन्संनी त्याच्याकडून नेलेलं एकही रोप मेलं नव्हतं, आणि याबद्दल तो त्यांच्यावर मनातून जरा नाराजच होता.

अशी अकरा वर्षं बरी चालली होती. मग वन्संच्या मुलाचा फोन आला.

मुलगा दुसऱ्या शहरात. मुलगा चांगला, सून चांगली, उगाच कुणाला नावं ठेवायला जागा नाही. त्यांनी नवं घर घेतलं होतं, चौदाव्या मजल्यावर, आणि त्यात आईसाठी वेगळी खोली केली होती. "मामाकडं किती दिवस राहणार, आई? आता ये." वन्सं रात्री "बघू" म्हणाल्या आणि सकाळी "येते" म्हणाल्या. महिनाअखेरीस जायचं ठरलं.

वहिनी म्हणाल्या, "छानच झालं!" आणि त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा फुलाफुलांचा पडदा त्यांनी पूर्ण उलटा शिवला. सगळी फुलं खाली डोकं वर पाय. दादांनी पाहिलं आणि मान परत दाराकडं वळवली. दादा मुळात बोलायचेच कमी. बहीण दिसली की पाहुण्यांना एवढंच सांगायचे, "ही माझी बहीण. आलीय चार दिवस." अकरा वर्षं हेच एक वाक्य.

आता तुम्ही म्हणाल, वहिनींनी सरळ सांगायचं होतं, जाऊ नका म्हणून. सांगणं सोपं आहे हो! अकरा वर्षं जिच्याशी मिठावरून, नळावरून, खिडकी उघडी की बंद यावरून रोज वाजलं, तिला एकदम जाऊ नका कसं म्हणायचं? आणि मुलाकडं निघालेल्या आईला अडवायचं तरी कोणत्या तोंडानं? वहिनींना ही बाई घरात हवी होती, आणि हे त्यांना स्वतःला कळायला ती निघावी लागली. म्हणून त्या जास्तच भांडू लागल्या. वन्सं मात्र भांडेनाशा झाल्या. वहिनी म्हणायच्या, "मीठ कुठं लपवलंत?" आणि वन्सं गुमान उठून डबा हातात द्यायच्या. याच्यासारखा अपमान नाही.

शनिवार आला. दोघी निघाल्या. मुलीच्या बापाच्या दुकानात वहिनींनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तीन आरशांचं काही आलंय?" आणि तो मनुष्य दचकला. मान हलवायच्या ऐवजी त्यानं वन्संकडं पाहिलं. वन्संनी छताकडं पाहिलं. वहिनी मागच्या खोलीकडं वळल्या तर तो आडवा आला.

"तिकडं नका जाऊ. उंदीर आहेत."

"मांजराची पिल्लं पाहिलीत मी तुमच्या खणात. उंदरांना काय भिते!"

"तरी नका जाऊ."

वहिनी मुकाट्यानं एका कपाटामागं गेल्या आणि खण उघडण्याच्या मिषानं कान देऊन उभ्या राहिल्या. पलीकडं दोघांची कुजबुज चाललेली. मग एक आवाज आला तो त्यांना ओळखू येईना. मुलीचा बाप हसत होता! त्या दुकानात इतक्या वर्षांत घड्याळंसुद्धा हसल्यासारखी वाजली नव्हती.

वहिनींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असं आहे होय! या वयात! आधी त्यांना धक्का बसला, मग राग आला, आणि गल्लीच्या मध्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांनी सगळं लग्न जमवूनही टाकलं. माणूस तिरसट, पण निर्व्यसनी. दुकान स्वतःचं. आणि मुख्य म्हणजे गावातलाच. वन्सं याच गावात राहतील, शनिवारी दुकानात भेटतील. वहिनींना तो मनुष्य एकदम देखणा वाटू लागला.

"चांगला आहे हो स्वभावानं," त्या म्हणाल्या.

"कोण?" वन्संनी विचारलं.

"असंच. एकूण म्हटलं."

वन्संनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की वहिनींना जमवलेलं लग्न तिथल्या तिथं मोडावं लागलं. पुढं पेट्रोल पंप आला. वन्संनी "जगणार नाही"ला विचारलं, "चौदावा मजला आहे. खिडकी उत्तरेला. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. काय लावता येईल?"

त्यानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "पडदा."

वहिनींना हसू फुटलं. मनातून तर त्यांना नाचावंसं वाटलं. बरं झालं, काहीही जगू नये तिथं! मग त्यांनी वन्संचा चेहरा पाहिला. हातातली झारी वन्संनी जागेवर ठेवली होती आणि तिच्या तोटीवर त्या उगाचच बोट फिरवत होत्या. वहिनींना स्वतःची लाज वाटली.

"मी शिवून देईन पडदा," त्या म्हणाल्या. "हिरवा. पानापानांचा."

म्हणाल्या आणि जीभ चावली. सांगायचं होतं जाऊ नका, आणि जायची तयारीच करून देत होत्या. परतीच्या वाटेवर कुणी कुणाशी भांडलं नाही. गल्लीतल्या दोन दुकानदारांनी बाहेर येऊन पाहिलं, आज बाई आल्या नाहीत की काय म्हणून.

जायच्या आदल्या सकाळी वहिनी तो हिरवा पडदा शिवत बसल्या होत्या. खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मग जिन्यात धडधड, "सावकाश!", "कोपरा बघा कोपरा!" आणि दारात गोणपाटात गुंडाळलेलं भलंमोठं काहीतरी उभं राहिलं. एका बाजूला टेम्पोवाला, दुसऱ्या बाजूला मुलीचा बाप, घामाघूम. मुलीला पोचवायला तो स्वतः आला होता.

दादा खुर्चीतून म्हणाले, "काय येतंय?"

वन्संनी गोणपाटाची दोरी सोडली. डावा आरसा लगेच पुढं झुकला.

वहिनी यंत्रावरून उठल्या. जवळ आल्या. तिसऱ्या खणाला हात घातला, जरा उचलला, डावीकडं दाबला आणि ओढला. खण उघडला. त्यांनी आत वाकून वास घेतला. अकरा वर्षांत त्यांना पहिल्यांदाच "हं" म्हणता आलं नाही.

"त्या शनिवारच्या आदल्याच दिवशी आलं माझ्याकडं," मुलीचा बाप म्हणाला. "यांनी आधीच फोन करून सांगितलं होतं, आलं तरी तुम्हाला कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, जिना देत असाल तर बोला. तो विकल्यापासून मला झोप नव्हती."

"जिना?" वहिनींनी गॅलरीकडं पाहिलं. कुंड्या खाली उतरवून भिंतीशी ओळीनं लावलेल्या होत्या. जिना मोकळा उभा होता.

"तिकडं कुठं नेऊ जिना?" वन्सं म्हणाल्या. "कुंड्या तू सांभाळ, वहिनी. गुलाबाला पाणी बेतानं."

दादांनी घसा साफ केला. सवयच ती, सुटते थोडीच. "जिना गॅलरीतला. हे खोलीत येणार. इथून काय जातंय?"

"माझी खाट," वन्सं म्हणाल्या. "म्हणजे मीच की रे दादा. मी आले तेव्हा हे गेलं. आता मी जाते, हे आलं. हिशेब बरोबर झाला तुझा." आणि त्या हसल्या. "वहिनी, अकरा वर्षं शोधत होतीस ना? दर शनिवारी मी तुझ्याबरोबर यायचे, आणि दर शनिवारी मला वाटायचं, हिची जागा अडवून बसलेय मी. जाता जाता एवढं तरी करावं म्हटलं."

वहिनींनी तिसरा खण धाडकन बंद केला. आणि मग त्यांचा जो भडका उडाला तो पाहून टेम्पोवाला दोन पायऱ्या खाली उतरला.

"कुणी सांगितलं तुम्हाला मी टेबल शोधत होते म्हणून?"

"तूच! दुकानात शिरलीस की..."

"पहिलं वर्षभर शोधलं! पुढं कोण शोधतंय? तीन आरसे घेऊन काय करू मी? एका आरशात दिसतं तेवढंच आता सहन होत नाही!"

"मग दर शनिवारी..."

"मग काय म्हणून निघायचं घरातून? नणंदेबरोबर भटकायला जाते म्हणून? हे विचारणार, काय आणायला जाताय? काहीतरी शोधायला नको? तुम्हाला तरी दर आठवड्याला खुरपी कशाला लागत होती?"

वन्संची नजर गॅलरीतल्या खुरप्यांकडं गेली.

"मोठ्या आल्या हिशेब करणाऱ्या!" वहिनींचा आवाज फाटला, पण थांबायचं त्यांच्या हातात नव्हतं. "टेबल आत आणि नणंद बाहेर! मी काय मागितलं होतं का असं? मला नकोय हे. मला तुम्ही हव्या आहात. मीठ सापडलं नाही तर ओरडू कुणावर? यांच्यावर? हे हूं की चूं करत नाहीत! जाऊ नका वन्सं. मुलाला राग येईल तर येऊ दे, मी बोलते त्याच्याशी. आणि जायला तुमच्याकडं ट्रंक तरी कुठंय?"

वन्सं दाराच्या चौकटीला टेकल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या ते नीट कळेना, बहुधा दोन्ही. "मला तरी कुठं जायचंय," त्या म्हणाल्या. "त्या भिंतीसमोर बसून मी काय करू? पण कुणी राहा म्हणेना. मला वाटलं, सगळे वाट बघतायत."

"चार दिवस जाऊन या," वहिनी नाक पुसत म्हणाल्या. "पण तुमचे चार दिवस मला माहीत आहेत. परतीचं तिकीट मी काढणार."

टेम्पोवाल्यानं खालून विचारलं, "मग आत घ्यायचं की परत न्यायचं? मला दुसरं भाडं आहे." मुलीचा बाप कासावीस झाला. दारात आलेलं परत न्यायचं, हे त्याच्या धंद्यात कधी झालं नव्हतं. आणि जिना हातचा जाणार हेही त्याला दिसू लागलं होतं.

तेवढ्यात दादा उठले.

दादांनी खुर्चीतून उठणं ही काही लहान गोष्ट नव्हती. त्यांनी खुर्चीवरची उशी काढून वहिनींच्या हातात दिली. कापडाला माफी होती. मग खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून ती उचलली, उंबऱ्यापर्यंत नेली आणि बाहेर इमारतीच्या जिन्याच्या कठड्याशी ठेवली. परत येऊन ती उभी असायची ती जागा त्यांनी वितीनं मापली. टेबल तिथं बरोबर बसत होतं.

"जिना जागेवर राहू दे," ते म्हणाले. "खाटही. खुर्ची न्या."

"अहो, मग तुम्ही बसणार कुठं?" वहिनींनी विचारलं.

दादांनी खुर्ची आणखी पुढं सरकवली. मुलीच्या बापाला जिन्याचं दुःख होतंच, पण समोर एक खुर्ची आली म्हटल्यावर त्याचा स्वभाव जागा झाला. त्यानं खुर्ची आडवी केली, पाय हलवून पाहिले, पाठीवरून हात फिरवला.

"चांगली आहे," तो संशयानं म्हणाला. "इतकी चांगली खुर्ची कुणी देत नाही. खोट काय आहे?"

"खोट नाही. घरात जागा नाही."

"आजवर तर होती."

दादांनी आत पाहिलं. वन्सं एकेक कुंडी उचलून पुन्हा पायरीवर ठेवत होत्या, पुदिना खाली, मग नेचे. वहिनी डाव्या आरशाच्या पाठीला हिरव्या पडद्याची घडी लावत होत्या आणि मधेच डोळे टिपत होत्या, त्यामुळे तीन आरशांत तीन वहिनी एकाच वेळी रडत होत्या.

"माझी बहीण राहते इथं," दादा म्हणाले.